एक टन सीओटू द्रव करायला किती थंडावा, किती वीज: प्रकल्प नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

जागा कोल्हापूर जिल्हा, साखर कारखान्याला जोडलेली डिस्टिलरी, क्षमता रोज ४५,००० लिटर अल्कोहोल. फर्मेंटरमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड (सीओटू) सध्या छतावरून हवेत जातो. तो पकडून, स्वच्छ करून, द्रवरूपात टाकीत भरायचा आहे. त्याआधी थंड करायला किती उष्णता काढावी लागेल आणि तिला किती वीज लागेल, हे ठरवायचं.

आधी गॅस किती ते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम सीओटू होतो, म्हणजे किलोभर अल्कोहोलमागे ०.९५७ किलो सीओटू. अल्कोहोलची घनता ०.७८९ धरली तर दर लिटरमागे ०.७५५ किलो. ४५,००० लिटरला ३४ टन होतात. हा झाला कागदावरचा आकडा. बॅच सुरू झाल्यावर पहिले काही तास फर्मेंटरच्या डोक्यावरची हवा गॅसबरोबर येते, ती घेता येत नाही. बॅचच्या शेवटी प्रवाह मंदावतो. ७० टक्के हाती लागेल असं धरलं: २३.८ टन रोज. डिझाइन ताशी १,००० किलो, म्हणजे सेकंदाला ०.२७८ किलो. यापुढचे सगळे आकडे या प्रवाहाचे.

१३ नोव्हेंबर

दाब आणि तापमानाची जोडी ठरवली. संपूर्ण प्रकल्पाची वीज याच निर्णयावर अवलंबून आहे, म्हणून तिन्ही पर्याय मांडून ठेवतो.

पहिला: दाब भरपूर वाढवायचा आणि साध्या पाण्यानेच द्रव करायचा. सीओटूचा क्रांतिक बिंदू ३१.० अंश सेल्सिअस, ७३.८ बार. त्याच्या वर कितीही दाबलं तरी द्रव होत नाही. इथल्या कूलिंग टॉवरचं पाणी उन्हाळ्यात ३२ अंशांनी परत येतं. पर्याय बाद.

दुसरा: ७ बारला, उणे ४९ अंशांवर द्रव करायचा. कॉम्प्रेसरची वीज साधारण २५ किलोवॅटने वाचते, पण थंडावा इतक्या खालच्या तापमानाला द्यायचा म्हणजे चिलरची वीज ४० किलोवॅटच्या वर वाढते. शिवाय त्रिक बिंदू (ज्याच्या खाली द्रव टिकत नाही, घन होतो) उणे ५६.६ अंश, ५.१८ बार. शीतक उणे ५६ च्या आसपास ठेवला की नळ्यांवर सुका बर्फ जमण्याची टांगती तलवार कायम.

तिसरा: १७ बार, उणे २५ अंश. कॉम्प्रेसर दोन टप्प्यांत भागतो, टाकी साध्या दाबपात्राच्या जाडीत बसते, त्रिक बिंदूपासून ३० अंश दूर राहतो. हाच घेतला. (या नोंदींत बार म्हणजे सगळीकडे अॅब्सोल्यूट. गेजचं, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या वरचं, वाचन असेल तिथे तसं लिहिलेलं आहे.)

१४ नोव्हेंबर

गेज आणि अॅब्सोल्यूटचा घोळ कालच्या तक्त्यात सापडला. ब्लोअर आणि स्क्रबर (गॅस पाण्याने धुणारा) यांच्यानंतर कॉम्प्रेसरच्या सक्शनला ०.२५ बार गेज मिळणार आहे. तक्त्यात त्यात १.०१३ मिळवून १.२६ बार लिहिलं होतं. हे समुद्रसपाटीचं झालं. कोल्हापूर सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, तिथे वातावरणाचा दाब ०.९४७ बारच्या आसपास. खरा सक्शन दाब १.२० बार. फरक पाच टक्क्यांचा, पण तो थेट सिलिंडरच्या आकारमानात उतरतो: १.२६ धरून मागवलेला कॉम्प्रेसर ताशी १,००० ऐवजी ९५० किलोच ओढला असता. मुंबईला बसवलेल्या मशीनचे आकडे घाटावर जसेच्या तसे चालत नाहीत.

१६ नोव्हेंबर

कॉम्प्रेशनचा हिशेब. १.२० पासून १८ बारपर्यंत, गुणोत्तर १५. कंडेन्सरला (जिथे सीओटू द्रव होतो) १७ हवेत, ड्रायर आणि पाइपात एक बार जाईल असं धरलं. दोन टप्पे, प्रत्येकी वर्गमूळ १५ म्हणजे ३.८७. मधला दाब ४.६५ बार. पहिल्या टप्प्यात गॅस ३५ अंशांनी शिरतो, दुसऱ्यात ४० अंशांनी.

इथे गामा (गॅसच्या दोन उष्माधारकतांचं गुणोत्तर) किती घ्यायचा यावर थांबलो. पुस्तकात सीओटूचा १.२९ सापडतो, पण तो खोलीच्या तापमानाचा. गॅस तापला की विशिष्ट उष्माधारकता वाढते: २५ अंशांना ०.८५ किलोज्यूल, १०० अंशांना ०.९२ च्या आसपास. टप्प्याच्या सरासरी तापमानाला गामा १.२६ येतो. दोन्ही घेऊन पाहिलं. कामात फरक जेमतेम एक टक्का. पण बाहेर पडणाऱ्या गॅसचं तापमान १.२९ ने १६९ अंश येतं आणि १.२६ ने १५६. ऑइल-फ्री मशीनमध्ये टेफ्लॉनच्या रिंगा असतात; त्यांचं आयुष्य याच तापमानावर ठरतं. म्हणून विजेसाठी कुठलाही गामा चालेल, अलार्म लावायचा असेल तर मात्र १.२६ च हवा.

आदर्श काम: पहिला टप्पा ९०.९, दुसरा ९२.४, एकूण १८३ किलोज्यूल प्रतिकिलो. कॉम्प्रेशनची कार्यक्षमता ०.८२ आणि यांत्रिक ०.९२ धरून शाफ्टवर २४३ किलोज्यूल, म्हणजे ६७.५ किलोवॅट. पट्ट्याचे ४ टक्के आणि मोटरचे ६ टक्के मिळवले की मीटरवर ७५. दुसऱ्या टप्प्याचं बाहेरचं तापमान १६३ अंश, जॅकेटच्या पाण्याने त्यातले थोडे कमी होतील.

१९ नोव्हेंबर

परवाच्या हिशेबात गॅस कोरडा धरला होता. तो कोरडा नाही. स्क्रबरमधून ओलाचिंब येतो. ३५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब ०.०५६ बार. १.२० बारमध्ये तो ४.७ टक्के जागा अडवतो. १,००० किलो सीओटूबरोबर ताशी २० किलो वाफ कॉम्प्रेसरमधून जाणार.

याचे तीन परिणाम. सक्शनला आकारमान कोरड्या हिशेबाने ४८५ घनमीटर होतं, ते ५०९ झालं; व्हॉल्युमेट्रिक कार्यक्षमता (सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो) ०.८० धरून सिलिंडरने ताशी ६३६ घनमीटर झाडायला हवेत. शाफ्टची शक्ती ३ टक्क्यांनी वाढून ७० किलोवॅट, मीटरवर ७७. आणि तिसरा, जो हमखास विसरला जातो: कूलरमध्ये ही वाफ पाणी होताना आपला अप्रकट उष्मा सोडते.

इंटरकूलरमध्ये (दोन टप्प्यांमधला कूलर) ४० अंश, ४.६५ बारला फक्त ६.६ किलो वाफ टिकते, १३.५ किलो पाणी गळून पडतं. आफ्टरकूलरमध्ये (दुसऱ्या टप्प्यानंतरचा) १८ बारला १.७ किलो उरते, आणखी ५ किलो गळतं. गॅस थंड करण्याचे इंटरकूलरचे २९ आणि आफ्टरकूलरचे ३४ किलोवॅट, त्यावर पाण्याचे ९ आणि ३. अपूर्णांक धरून एकूण ७६ किलोवॅट. नुसत्या सीओटूवर कूलर मागवले असते तर इंटरकूलर जवळपास एक चतुर्थांश लहान पडला असता, आणि त्याची शिक्षा दुसऱ्या टप्प्याच्या रिंगांना झाली असती.

ताळा: कॉम्प्रेसर कोरड्या गॅसला ६२ किलोवॅट देतो, कूलर त्याच्याकडून ६३ ते ६४ काढतात. दाबलेल्या गॅसची एन्थाल्पी (त्यातली एकूण उष्णता-ऊर्जा) त्याच तापमानाच्या विरळ गॅसपेक्षा थोडी कमी असते, तोच हा जादाचा एक-दीड. जुळलं.

मोटर ७५ की ९०? पट्ट्याआधी ७३ किलोवॅट लागतात. ७५ ची मोटर कायम काठावर चालेल. ९० ठरली.

२१ नोव्हेंबर

ड्रायरचा हिशेब. ४० अंशांचा गॅस सरळ ड्रायरला दिला तर आठ तासांच्या पाळीत १३.५ किलो पाणी येतं. शोषकाची वापरता येणारी क्षमता वजनाच्या १० टक्के धरली तर एका टॉवरला १३५ किलो माल. मध्ये प्रीकूलर घालून गॅस १० अंशांपर्यंत आणला तर वाफ ताशी ०.२८ किलोवर येते, माल २३ किलोत भागतो, आणि रीजनरेशनचा (शोषक तापवून पुन्हा कोरडा करण्याचा) हीटरही त्याच पटीत लहान. प्रीकूलरला थंडावा लागतो फक्त ९ किलोवॅट, तोही ५ अंशांच्या ग्लायकॉलने (सहज न गोठणारं थंड द्रावण). घ्यायचाच.

१० च्या खाली नको. १८ बारला ३-४ अंशांच्या खाली पाणी आणि सीओटू मिळून हायड्रेट होतो. तो बर्फासारखाच दिसतो, पण शून्याच्या वरच जमतो. पाणी गोठायला शून्य लागतं या भरवशावर ग्लायकॉल १ अंशाला ठेवला तर नळ्या बंद. ग्लायकॉल ५ च्या खाली जाऊ नये असं इंटरलॉक लिहिलं.

२५ नोव्हेंबर

मुख्य थंडावा. १० अंशांच्या गॅसला उणे २५ पर्यंत आणायला ३९ किलोज्यूल प्रतिकिलो. (या पट्ट्यात, १७ बारला, विशिष्ट उष्माधारकता सरासरी १.१ घेतली. विरळ गॅसची ०.८२ घेतली तर चूक, कारण द्रव होण्याच्या जवळ जाताना ती चढत जाते.) द्रव होतानाचा अप्रकट उष्मा उणे २५ ला २९३ किलोज्यूल. त्यापुढे उणे २८ पर्यंत द्रव थंड करायला ६. ताशी १,००० किलोला:

गॅस थंड करणे: ११ किलोवॅट
द्रवीकरण: ८१.४
द्रव आणखी थंड करणे: १.८
टाकी आणि पाइपांच्या इन्सुलेशनमधून शिरणारी उष्णता: ३ धरली
एकूण ९७ किलोवॅट, म्हणजे २७.६ टीआर (टन रेफ्रिजरेशन, थंडाव्याचं एकक). १५ टक्के राखीव धरून ३२.

शीतक अमोनिया. कंडेन्सरमध्ये ७ अंशांचा फरक ठेवला, म्हणजे अमोनिया उणे ३२ ला उकळणार. तिथे त्याचा दाब १.०८ बार, इथल्या वातावरणापेक्षा किंचित जास्त. उणे ३५ ला तो ०.९३ होतो, म्हणजे व्हॅक्यूम. सील जराही सैल असलं की हवा आणि ओलावा आत. म्हणून उणे ३२ च्या खाली जायचं नाही.

वीज: उणे ३२ ते ४० अंश यांतली आदर्श सीओपी (एक किलोवॅट विजेमागे मिळणारा थंडावा) २४१ भागिले ७२, म्हणजे ३.३५. प्रत्यक्षात मोटरसकट तिच्या निम्मी धरली, १.६७. ९७ किलोवॅट थंडाव्याला ५८ किलोवॅट वीज. ४० अंशांना अमोनियाचा दाब १५.५ बार, गुणोत्तर १४ च्या वर, त्यामुळे एका टप्प्याचं मशीन चालणार नाही.

२८ नोव्हेंबर

चिलरची एक कोटेशन स्वस्त वाटली: ४० टीआर. खालची बारीक अक्षरं वाचली: ही क्षमता उणे १० अंशांना. अमोनियाच्या वाफेची घनता उणे १० ला घनमीटरला २.३९ किलो, उणे ३२ ला ०.९४. तोच सिलिंडर दर फेरीला ४० टक्क्यांहून कमी वाफ उचलतो, आणि गुणोत्तर वाढल्याने उरलेल्यातही गळती. ४० टीआरचं ते मशीन इथे १६ टीआरसुद्धा देणार नाही. तिथून पुढे चौकशीत एकच ओळ ठळक घातली: "३२ टीआर, बाष्पन उणे ३२, संघनन अधिक ४०". टीआरच्या शेजारी ही दोन तापमानं नसतील तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

३ डिसेंबर

कंडेन्सरचं क्षेत्रफळ. ९२ किलोवॅट, ७ अंशांचा फरक, उष्णता-वहन गुणांक ७०० वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरला: १९ चौरस मीटर. हवेसाठी वाढवून २५ घेतलं. ही हवा म्हणजे काय, ते पुढे.

४ डिसेंबर

हवेचा हिशेब, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा.

१७ बारला शुद्ध सीओटू उणे २५ ला पूर्ण द्रव होतो. गॅसमध्ये २ टक्के हवा असेल तर सुरुवातीला फारसं जाणवत नाही. पण सीओटू द्रव होत जातो आणि हवा मागे उरते. ९५ टक्के सीओटू द्रव झाला तेव्हा उरलेल्या गॅसमध्ये हवा २९ टक्के झालेली असते. सीओटूचा स्वतःचा दाब १२ बारवर येतो, आणि १२ बारला द्रव होण्याचं तापमान उणे ३५. आपला अमोनिया उणे ३२ चा. म्हणजे तो भाग द्रव होणारच नाही, बाहेर सोडावा लागेल.

किती सोडावा लागेल? व्हेंट उणे २८ ला निघतो असं धरलं. तिथे सीओटूचा बाष्पदाब १५.२५ बार, म्हणजे व्हेंटमध्ये ९० टक्के सीओटू आणि १० टक्के हवा. हवेच्या प्रत्येक भागाबरोबर सीओटूचे ८.८ भाग जातात. ०.२ टक्के हवेला १.८ टक्के सीओटू वाया, ०.५ टक्क्याला ४.४, २ टक्क्यांना १८. चिलर मोठा घेऊन हे भरून निघत नाही. हवा येऊच द्यायची नाही, हा एकच इलाज.

म्हणून बलूनच्या (गॅस साठवायच्या फुग्याच्या) आधी शुद्धता तपासल्याशिवाय गॅस घ्यायचा नाही. मर्यादा: हवा ०.५ टक्क्याच्या आत. तोवर छतावर.

९ डिसेंबर

बाकीची वीज: ब्लोअर ९ किलोवॅट, प्रीकूलरचा चिलर २, पंप आणि टॉवरचा पंखा ६. बेरीज ७७, ५८, ९, २, ६: १५२ किलोवॅट. टनाला १५२ युनिट.

टॉवरवर जाणारी उष्णता: कूलरचे ७६, जॅकेट आणि घर्षणाचे ५ ते ६, अमोनिया कंडेन्सरचे सुमारे १५०. एकूण २३० किलोवॅट. ५ अंशांच्या फरकाला ताशी ४० घनमीटर पाणी फिरवायचं. त्यातलं ताशी ३४० लिटर उडून जातं, म्हणजे दिवसाला ८ घनमीटरच्या वर, ब्लोडाउन (क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी) वेगळं. उन्हाळ्यात कारखान्याच्या पाण्यात हे धरून ठेवायला हवं.

११ डिसेंबर

टाकी ५० टनांची. उणे २५ ला द्रवाची घनता १,०५४. ९५ टक्के भरायची तर ५० घनमीटर. मान्यता पेसोकडून (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना), मुख्य कार्यालय नागपूर. टाकीच्या ड्रॉइंगला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधी.

टाकीवर कमी दाबाचा अलार्म ९ बार गेजला. द्रव भरलेल्या टाकीचा दाब ५.१८ बारच्या खाली गेला तर आतला द्रव सुका बर्फ होतो, आणि तो परत द्रव करणं फार जिकिरीचं. टाकीच्या खोलीत डिटेक्टर फरशीपासून हातभर उंचीवर: गॅस हवेच्या दीडपट जड आहे, छताजवळचा डिटेक्टर गप्प बसेल आणि खाली माणूस कोसळेल.

१८ फेब्रुवारी २०२५

पहिली चाचणी. कॉम्प्रेसर हिशेबाप्रमाणे: मधला दाब ४.७, पहिल्या टप्प्याचं बाहेरचं तापमान १५१, दुसऱ्याचं १५८. मीटरवर ७८ किलोवॅट. इंटरकूलरच्या ट्रॅपमधून तासाला १३ लिटर पाणी बादलीत मोजलं.

पण द्रव ताशी ८२० किलोच. कंडेन्सरचा दाब चढून १८ च्या वर, व्हेंट वारंवार उघडतो. चिलरकडे बोट गेलं, पण अमोनियाचा दाब १.०८, जागेवर. कंडेन्सरमध्ये येणाऱ्या गॅसचा नमुना १०० मिलिलिटरच्या ब्युरेटमध्ये घेतला आणि वरून कॉस्टिक सोडलं. द्रावण चढत गेलं आणि वरच्या टोकाला बुडबुडा उरला. हलवून पुन्हा पाहिलं, तेवढाच. वाचन २.० मिलिलिटर. २ टक्के हवा, म्हणजे १८ टक्के नुकसान. ८२० किलोचं उत्तर ४ डिसेंबरच्या नोंदीत होतं.

टनामागे युनिट १७५. व्हेंटमधून गेलेला सीओटू दाबायलाही वीज लागलीच होती.

१९ फेब्रुवारी

हवा कुठून येते? एकेका फर्मेंटरचा नमुना घेतला. चार क्रमांकात बुडबुडा सगळ्यात मोठा, आणि तोही बॅच सुरू होऊन १५ तास झाल्यावर, म्हणजे सुरुवातीची हवा ही नव्हे. फोम ट्रॅपच्या नंतरचा यू-नळीचा मॅनोमीटर पाहिला: पाण्याची पातळी उलट बाजूला ६० मिलिमीटर. ब्लोअर फर्मेंटरमध्ये व्हॅक्यूम ओढत होता. मॅनहोलच्या गॅस्केटवर साबणाचं पाणी लावलं. दाब असता तर फेस फुगला असता, इथे तो फटीतून आत शोषला गेला.

कारण: बलून रिकामा झाला तरी ब्लोअर थांबत नव्हता. बलूनच्या पातळीचा स्विच जोडलेला होता, पण ट्रिप (बंद करण्याचा संकेत) फक्त कॉम्प्रेसरला दिला होता. ब्लोअरलाही दिला. फर्मेंटरच्या हेडरवर अधिक २५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाची किमान मर्यादा, त्याखाली ब्लोअर बायपासवर. गॅस्केट बदललं.

२० फेब्रुवारी

ब्युरेटमध्ये ०.३ मिलिलिटर. द्रव ताशी ९७० किलो, व्हेंट क्वचित. कंडेन्सर १७.१ बार. टनाला १५६ युनिट.

२२ फेब्रुवारी

दुपारी टॉवरचं पाणी ३१. अमोनियाचं संघनन ४१ वर गेलं, चिलरची वीज ६० किलोवॅट. मे महिन्यात हे ४३ पर्यंत जाईल. तेव्हाचा हिशेब: २४१ भागिले ७५, निम्मी १.६१, वीज साडेसाठ. ३२ टीआरच्या राखीवात बसतं. टॉवरच्या फिलमध्ये (पाणी पसरवणारा आतला भाग) गाळ दिसतो आहे, तो मार्चअखेर धुवायचा. दर पाळीत दोन ब्युरेट वाचनं लिहायची, वेळेसकट आणि फर्मेंटरच्या क्रमांकासकट.